अभिप्रायवही

संचालक प्योंनी शिक्का तोंडाजवळ धरला, त्यावर 'हाऽ' करून वाफ सोडली आणि तो पुन्हा डबीत ठेवून दिला. परवानगीचा कागद कोराच राहिला. वाफेतला सुक्या माकूल माशाचा वास तेवढा टेबल ओलांडून ओकजूच्या नाकात शिरला.

"हात धजत नाही हो," ते म्हणाले. "आज एका पानाची प्रत दिली की उद्या अख्खं खोकं मागाल."

सहा दिवस ती या साहित्यभवनात जुने कागद तपासत बसली होती. तळमजल्यावर संचालकांच्या वडिलांचा, म्हणजे थोर कादंबरीकारांचा मेणाचा पुतळा, आणि वरच्या मजल्यावर त्यांच्या कागदांची खोकी. सतराव्या खोक्यात तिला एक वही सापडली होती. सूतगिरणीच्या रात्रशाळेतली. आतल्या पानावर गिरणीतल्या पोरीनं ठसठशीत अक्षरात नाव घातलेलं: मेंग बुनरे. यादीत मात्र नोंद होती, 'लेखकाची टिपणं'. ज्या कादंबरीनं थोरल्या प्योंना थोर केलं, तिचं चौथं प्रकरण या वहीत शब्दन् शब्द होतं. तारीख कादंबरीच्या दोन वर्षं आधीची.

"बुनरेबाई अजून आहेत," ओकजू म्हणाली. "एकाहत्तर वर्षांच्या. बंदरावर कोळंबी सोलतात. ते प्रकरण माझं आहे म्हणाल्या की घरचेच हसतात. त्यांना एक पान हातात द्यायचंय, बस."

"सोलतात ना कोळंबी? मग सोलू द्या की!" संचालक दात कोरत हसले. "अहो, वडिलांनी उचलली म्हणून वाचली ती वही. नाहीतर तिच्या पानांच्या पुड्या करून कुणीतरी उकडलेले रेशीमकिडे खायला विकले असते. उपकार माना म्हणावं."

ओकजू काही बोलायच्या आत त्यांनी तिची पेन्सिलीची टिपणं ओढली. अंगठ्याला थुंकी लावून एकेक कागद उलटला आणि वहीतून उतरवलेले अकरा कागद बाजूला काढून खणात टाकले.

"नियम आहे. न छापलेला मजकूर वारसाच्या संमतीशिवाय बाहेर जात नाही. आणि वारस मीच!"

मग एकदम यजमानाचा चेहरा चढवला. भेटीचा टॉवेल पुढे सरकवला, कडेला वडिलांचं तोंड छापलेला. अभिप्रायवही उघडली, ब्रश शाईत बुडवून तिच्या हातात दिला.

"रागावून जाऊ नका, बाईसाहेब. दोन शब्द लिहा छान. पंचवीस वर्षांत या वहीचं एक पान फाटलेलं नाही. प्रत्येक पानावर आकडा आहे, प्रांताची माणसं दर साल मोजून जातात. तुमचं नाव कायमचं राहील बघा."

डाव्या पानावर महापौरांनी लिहिलं होतं: 'गिरणीतल्या मुक्या मुलींना वाचा देणाऱ्या थोर लेखकास वंदन.' शेजारचं पान कोरं होतं.

संचालक फोटोसाठी फोन धरून उभे राहिले. ओकजूनं ब्रश भरभरून घेतला आणि पान भरेल एवढ्या अक्षरात लिहिलं: 'चौथं प्रकरण मेंग बुनरे हिचं. वही सतराव्या खोक्यात.' खाली सही केली.

फोन खाली आला.

"हे काय लिहिलंत?"

"अभिप्राय."

"अहो, इथं लोक स्तुती लिहितात!"

"ती शेजारी आहे की."

त्यांनी पानाचा कोपरा चिमटीत धरला. चिमटीखालीच आकडा होता, एकशे बारा. बोटं तिथंच थबकली. मग त्यांनी वही धाडकन मिटली आणि वरून दोन्ही तळवे दाबून धरले, जणू आतून काही उसळून बाहेर येईल.

"संचालकसाहेब," ओकजूनं पिशवी खांद्याला लावली, टॉवेल होता तिथंच ठेवला, "शाई ओली होती."

त्यांनी घाईघाईनं वही उघडली. महापौरांच्या वंदनावर बुनरेचं नाव उमटलं होतं. उलटं, पण ठसठशीत.