घरचे दोन हंडे

एजन्सीच्या मेकॅनिकनं ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये बोट बुडवून गंज दाखवला. "सूर्यभान, पाणी बदला. दोन हंडे लागतील, एक धुवायला, एक भरायला. मागं अख्खा टँकर भरलाय की!"

"त्यो गावाचा हाय," सूर्यभान म्हणाला. बहात्तरच्या त्या दुष्काळात पारनेरहून गावाला पाणी तोच ओढत होता. शिवाय एजन्सीवाले दर वेळी काही ना काही बदलायला सांगतात, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं झाकण लावलं आणि निघाला.

चढावर इंजिनच्या उष्णतेचा काटा तांबड्या रेघेला टेकला. इंजिन निवेपर्यंत तासभर तो रस्त्यातच उभा राहिला. गावात पोहोचला तेव्हा माणसं उन्हात हंड्यांची रांग धरून बसली होती.

घरटी दोन हंडे वाटप झालं. सूर्यभानची बायको, बायडाबाई, रोजच्यासारखी शेवटी उभी होती. तिचे हंडे भरले, तसा तो जवळ आला.

"अगं, इंजिन बसलं तर उद्या गावाला थेंब मिळायचा न्हाई."

तिनं ट्रॅक्टरकडे बघितलं. मग पहिला हंडा स्वतःच उचलून त्याच्या हातात दिला. त्यानं तो रेडिएटरमध्ये ओतला, तसं खालच्या तोटीतून गंजाचं तांबडं पाणी येऊन मातीत जिरलं. दुसरा हंडाही रेडिएटरमध्ये रिता झाला.

वाटेत शेजारच्या केशरबाईनं विचारलं, "हंडे रिकामेच? टँकर संपला का काय?"

"न्हाई," बायडाबाई म्हणाली, "आमचं भरून झालं."