धोबी उतरले नाहीत

गणपती जाऊन पंधरा दिवस झाले, तरी तळ्यावर एकही धोबी पक्षी उतरला नव्हता. नाईकनवरे सर रोज सकाळी दुर्बीण घेऊन बांधावर बसत. निवृत्तीनंतर गेली बावीस वर्षं हिमालयापलीकडून येणारा पहिला धोबी गावात त्यांनाच दिसत आला होता.

त्या दिवशी त्यांची जुनी विद्यार्थिनी हेमांगी शेजारी येऊन बसली. ती पठारावरच्या पवनचक्क्यांवर इंजिनिअर होती.

"सर, उगाच वाट बघू नका," ती म्हणाली. "दरवर्षी पात्यांवर आपटून शेकडो पक्षी मरायचे. त्यांना दिशा कळते ती पृथ्वीच्या चुंबकत्वावरून, म्हणून आम्ही मनोऱ्यांवर चुंबकीय यंत्रं बसवली. आता थवे पठाराच्या आधीच वळतात. या वर्षी खाली एकही मेलेला सापडला नाही."

"तुझी कल्पना?"

"हो." सर पाठ थोपटतील असं तिला वाटलं.

"आणि वळून जातात कुठे?"

"पश्चिमेला. समुद्राकडे."

सरांनी दुर्बीण मांडीवर ठेवली. "अगं, धोबी काही पाण्यावर तरंगणारा पक्षी नाही. थकला की समुद्रात उतरणार कुठे?"

हेमांगीचा चेहरा उतरला. तिने तिथूनच ऑफिसला फोन लावला आणि भांडून यंत्रं बंद करायला लावली.

"आता येतील," सर म्हणाले आणि त्यांनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली.

शेवटचा थवा आठ दिवसांपूर्वीच वळून गेला होता. ते सांगायचा धीर तिला झाला नाही. ती अंधार पडेपर्यंत त्यांच्या शेजारी बसून राहिली.