निळी रेघ

डॉक्टरांनी तिचा हात टेबलावर घेतला, खिशातलं पेन काढलं आणि मनगटाच्या वर जिथे लाली संपत होती तिथे निळी रेघ ओढली. सावकाश, हाताला पूर्ण वळसा घालून. बाजूच्या स्टुलावर बसलेला तिचा नवरा ते पेन फिरताना बघत होता.

“लाली या रेघेच्या वर चढली, तर लगेच यायचं,” डॉक्टर म्हणाले. “अँटिबायोटिक सात दिवसांचं आहे. सकाळी एक, संध्याकाळी एक. मधेच बरं वाटेल, तरी सोडायचं नाही. तेव्हा जंतू अर्धमेले असतात, मेलेले नसतात. कळलं का टपाल?”

“कळलं रे बाबा,” ती हसली.

टपाल. शाळेत, डॉक्टरांच्याच वर्गात, ती वर्गभराच्या चिठ्ठ्या इकडून तिकडे पोचवायची, म्हणून पडलेलं नाव. लग्नाला चौदा वर्षं झाली, आणि नवऱ्याला हे आज, त्या स्टुलावर बसून कळलं.

दोघांचं बुकबाइंडिंगचं दुकान होतं. तो पुठ्ठे कापायचा, खळ लावायचा. ती पानं शिवायची. शिवताना दाभण टोचून तळहात दुखावला, तर चार दिवस तिनं चिंधी बांधून काम रेटलं. हात दाखवून ये, असं नवरा दोनदा म्हणाला होता. तिनं कानामागे टाकलं. डॉक्टरांचा मात्र शब्दन् शब्द झेलत होती. आठ वाजले की गोळी. पोटात दोन घास गेल्याशिवाय नाही. आंघोळीच्या वेळी हाताला प्लास्टिकची पिशवी, कारण रेघ पुसायची नव्हती.

“त्यानं सांगितलंय,” ती म्हणायची.

डॉक्टरला ती ‘अरे’ म्हणायची आणि नवऱ्याला ‘अहो’. त्या ‘अहो’त आजवर नवऱ्याला मान वाटत आला होता. आता तो शब्द पाहुण्यापुढे सरकवलेल्या खुर्चीसारखा वाटायला लागला.

चौथ्या दिवशी सूज उतरली. लाली मागे हटून तळहातापुरती उरली. ती दुकानाच्या दारात उजेडाला हात धरून बघत होती.

“बघा, किती हुशार निघाला. वर्गात धड तोंडातून शब्द फुटायचा नाही त्याच्या.”

नवरा खळ ढवळत होता. “झालाय की बरा हात,” तो म्हणाला. “आता कशाला पोटात विष भरायचं? तुझं जेवणसुद्धा तुटलंय त्या गोळ्यांनी.”

“सात दिवस म्हणालाय तो.”

“तो म्हणणारच. रोज हात कोण बघतंय, तो का मी?”

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. गोळ्यांनी तिला मळमळत होतं, हे खरंच होतं.

“बरं,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणता तर.”

उरलेल्या गोळ्या त्यानं स्वतः उचलून फळीवर, डिंकाच्या डब्यामागे टाकल्या. त्या दिवशी त्याचा हात कसा भराभर चालला. शीळ घालत त्यानं शाळेची सगळी हजेरीपुस्तकं बांधून टाकली.

तीन दिवसांनी सकाळी चहा देताना तिच्या हातातला कप बशीवर खडखडला. अंग तापलं होतं. त्यानं तिची बाही वर सारली. रेघ पुसट झाली होती, आणि लाली ती ओलांडून कोपराकडे निघाली होती.

त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

या खेपेला डॉक्टर हसले नाहीत. ताप पाहिला, काखेत दाबून पाहिलं. ती कळवळली.

“गोळ्या पूर्ण घेतल्यास?”

“नाही.”

“का?”

आपण बोलावं, असं नवऱ्याला वाटलं. पण तो तिची बाही खाली सारत राहिला.

“मीच सोडल्या,” ती म्हणाली. “हे रोज आठवण करत होते. काल तर रागावले माझ्यावर. पण मळमळायला लागलं, हातही बरा दिसत होता, म्हटलं पुरे. माझाच दीडशहाणपणा.”

“यांचं तरी ऐकायचंस,” डॉक्टर नवऱ्याकडे हात करत म्हणाले. नवऱ्यानं मान हलवली. “आता गोळ्यांवर भागायचं नाही. शिरेतून औषध द्यावं लागेल. आठवडाभर रोज यायचं आणि तास-दीड तास इथे पडून राहायचं.”

“येईन की,” ती म्हणाली.

आतल्या खाटेवर नर्सनं तिच्या दुसऱ्या हाताला सुई लावली आणि पडदा ओढून ती गेली. नवरा उशाशी उभा होता. पडद्यापलीकडे डॉक्टर दुसऱ्या कुणाला तरी खोकायला सांगत होते.

“खरं का नाही सांगितलंस?” त्यानं हळूच विचारलं.

“तुमची मान खाली गेली असती,” तिनं डोळे मिटून घेतले. “आणि त्याच्यापुढे तर नकोच.”

त्याचे डोळे भरून आले. हिला सगळं कळत होतं, आणि तरी हिनं आपल्याला सांभाळून घेतलं. त्यानं तिच्या अंगावरची चादर नीट केली.

मग त्याला तिचं मघाचं बोलणं आठवलं. थेट डॉक्टरांच्या डोळ्यांत बघून बोलली होती. कुठे अडखळली नव्हती. ‘काल तर रागावले माझ्यावर’, हे तर तिनं तिथल्या तिथे रचलं होतं.

इतक्या वर्षांत तिला खोटं बोलताना त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. पहिल्यांदाच बोलली, की आपल्याला पहिल्यांदाच ओळखता आलं, हे मात्र त्याला काही केल्या ठरवता येईना.