वरचा कप्पा

तिसऱ्या टोचणीला अमृताची शीर सापडली. सिस्टरने सुई चिकटपट्टीने बसवली आणि रमाबाईंच्या मांडीवरच्या बर्फाच्या डब्यातून औषधाची बाटली काढली. आंबिवलीहून ठाण्यापर्यंत रमाबाईंनी तो डबा जराही कलू दिला नव्हता.

लेकीचं हृदय आधीच्या औषधांनी थकलं होतं. हे नवं औषध डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत भरलेलं, वाटेत कुठे न सांडता थेट कॅन्सरच्या गाठीपर्यंत जाणारं. आता खाडा परवडणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हॉस्पिटलात ते शिल्लक नव्हतं, म्हणून काल बाहेरून मिळवून घरी ठेवलं होतं.

"मावशी, फ्रीजमध्ये खालीच ठेवलेलं ना? फ्रीझरमध्ये नाही?" सिस्टरने सवयीने विचारलं.

रमाबाईंनी बाटलीकडे पाहिलं. त्यांच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. वरच्या कप्प्यात गारवा टिकतो, म्हणून त्यांनी तिथले बोंबील शेजारच्या समृद्धीकडे दिले, कप्पा सोड्याने घासला, वास जाईपर्यंत पुसला आणि मधोमध ती एकटी बाटली ठेवली. सकाळी ती घट्ट गोठलेली बघून त्यांना बरंच वाटलं होतं. वाटेत आतलं औषध वितळलं. आता बाटली काल होती तशीच दिसत होती. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं?

अमृता डोळे मिटून पडली होती. हातावर आधीच्या टोचण्यांचे डाग निळे पडत होते.

"वर ठेवलेलं," रमाबाई म्हणाल्या. "वर जास्त गार राहतं ना."

सिस्टरचा हात थांबला. "गोठलं की ते कण फुटतात, मावशी. मग औषध वाटेतच सांडतं. हे नाही देता येणार."

ती फोन करून आली. दुसरी बाटली कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं. तिने हलक्या हाताने सुई काढली, कापूस दाबला.

"आई," डोळे न उघडता अमृता म्हणाली, "मग बोंबील कुठे ठेवलेस?"

"समृद्धीकडे दिलेत."

"घरी गेल्यावर मागून आण. कालवण कर. खाईन मी."

कित्येक दिवसांत तिने जेवण मागितलं नव्हतं. रमाबाईंना रडू आवरेना. सिस्टर बाटली टाकून द्यायला घेऊन गेली, तरी त्या मांडीवरचा रिकामा डबा दोन्ही हातांनी सरळ धरून बसल्या होत्या.