उसवून देते

"झमकू, तू मागं बस. नवरीला ओढणी सवाशीणच घालील," तांड्याच्या नायकाची बायको भर मांडवात म्हणाली.

झमकूच्या हातात पुतणीची ओढणी होती. चार महिने खपून तिनं त्या ओढणीवर आरसे अन् कवड्या टाचल्या होत्या. नवरा गेल्यापासून प्रत्येक लग्नात ती मुकाट्यानं मागं सरायची. आज मात्र ती उठली ती थेट मांडवाच्या मधोमध आली अन् कमरेच्या बटव्यातून तिनं कात्री काढली.

"विधवेचा हात अशुभ ना? मग इथं जमलेल्या प्रत्येकीच्या ओढणीवर माझ्याच हातचा टाका आहे. या, एकेक जण पुढं या. आत्ता उसवून देते. तुमच्यापासूनच सुरुवात करू, नायकीणबाई!"

कुणी जागचं हललं नाही. नायकाच्या बायकोनं तर आपल्या ओढणीचा लखलखता काठ दोन्ही मुठींत गच्च धरला.

"काकी, घाल लवकर," म्हणत नवरीनं मान खाली केली.

झमकूनं कात्री सगळ्यांना दिसेल अशी पाटावर ठेवली, अन् दोन्ही हातांनी पुतणीच्या डोक्यावर ओढणी घातली.