हद्दीतला पत्ता

लेकीचं नाव शाळेच्या यादीत नाही हे कळलं, त्या दिवशी बोंगानीची बायको लिंदीवे जेवली नाही. आई-बाप शाळेच्या ठरलेल्या हद्दीत राहत नसले, पण तिथं नोकरीला असले तरी मुलाला प्रवेश मिळे. लिंदीवे जोहान्सबर्गच्या त्या हद्दीतल्या बंगल्यात अकरा वर्षं राबत होती. मालकिणीनं तेवढं लिहून द्यायचं होतं.

"कागदाबिगदात मला नको गं ओढूस," मॅडम म्हणाल्या होत्या.

पुढं लिंदीवे वारली. बोंगानी त्याच हद्दीतल्या एका इमारतीचा केअरटेकर झाला. बंगला विकून हद्दीबाहेर गेलेल्या मॅडम एक दिवस दारात.

"बाबा, माझा नातू इथंच या इमारतीत राहतो, एवढं शाळेसाठी लिहून द्या हो. उद्या शेवटची तारीख. लिंदीवेनंच पाठीवर बांधून वाढवलाय त्याला!"

"कागद ठेवून जा, मॅडम. बघतो."



तारीख उलटून महिना झाला. बोंगानीची सही अजून बाकी आहे.