नेरमीनचा बाप

"भाषण आटोपलं की पोरीला घेऊन निघायचं. शाळा खतम," महेबूबनं शेजारी बसलेल्या दगडोबाला सांगितलं. "नववीला औंढ्याला धाडायची न्हाई म्हणजे न्हाई. वयात आलेली पोरगी रोज एसटीनं ये-जा करंल, आन् गाव आमाला नावं ठेवंल."

गावातली शाळा आठवीपर्यंतच होती. आज निरोप समारंभ. पालकांना बोलावलं होतं, म्हणून हळदीचा हा व्यापारी पहिल्यांदाच शाळेच्या सतरंजीवर टेकला होता.

त्याची शाहिस्ता माईकपाशी गेली. विषय होता 'थोरांचे बालपण'. बाकीच्या पोरांनी ठरलेलीच माणसं उचलली होती. शाहिस्तानं भलतंच नाव काढलं. नेरमीन, तुर्कस्तानातली कला-इतिहासकार.

"जुन्या इमारतींवरची नक्षी कुणी काढली, कधी काढली, हे ती शोधते. मोठमोठे विद्वान तिला विचारायला येतात. पण लहानपणी तिच्या बापानं तिची शाळा बंद केली होती."

विजयकुमार सरांनी टेबलाखाली मोबाईलवर नाव शोधलं. पुन्हा शोधलं. अशी कुणी बाई सापडेना. मग मोबाईल खिशात टाकून ते मुकाट ऐकत बसले.

नेरमीनचा बाप गालिचे विकायचा. शाळा डोंगरापलीकडे. त्यानं बूट लपवले, तर ती बर्फातून अनवाणी गेली. त्यानं वह्या चुलीत घातल्या, तर तिनं कोळशानं अंगणातल्या फरशीवर मशिदीच्या कमानी काढल्या. बापानं पुसल्या की ही पुन्हा काढायची. बापाला पुरून उरणारी पोर, आणि खरं सांगायचं तर असंच असावं लागतं.

महेबूब पुढं सरकून बसला होता. गिऱ्हाइकाचा फोन आला, तो त्यानं कापला.

"लेकराला बर्फात अनवाणी?" तो पुटपुटला. "बाप हाय का दुश्मन?"

"गप ऐक की," दगडोबा म्हणाला. "तू काहून तापून राहिला?"

शाहिस्तानं कागद मिटला आणि धन्यवाद म्हटलं. टाळ्या पडल्या. महेबूबला काही राहवेना. भर सभेत तो उभा राहिला.

"आगं, आर्धंच सांगितलं की. त्या बापाची अक्कल ठिकाणावर आली का न्हाई? धाडलं का त्यानं पोरीला शाळेत?"

सगळी शाळा मागं वळून बघू लागली. शाहिस्तानं नजर खाली घातली नाही.

"पोरगी तर शिकलीच, अब्बा," ती माईकवरच म्हणाली. "बापानं धाडलं का न्हाई, ते तुमी सांगा."